मदत हवी आहे: शिंपल्यांना भोकं पाडणारी गोगलगाय नेमकी कोणती?

गुहागरच्या पुळणीवर ओहोटीला ३ दिवस फिरून २३ भोकवाले शिंपले गोळा केलेत, बहुतेक तिसऱ्यांचेच. भोक अगदी गोल, बाहेरून साधारण ३ मिमी आणि आत निमुळतं होत २ मिमी, जवळजवळ सगळी सांध्याच्या बाजूला. एकात भोक अर्धवटच राहिलंय आणि त्याच्या तळाशी मधोमध छोटा उंचवटा आहे, फार सुंदर दिसतं ते! मी वाचलं त्याप्रमाणे मून स्नेल (वाळूत राहणारी शिकारी समुद्री गोगलगाय) वाळूत पुरलेल्या शिंपल्याला पायाने कवटाळते, आम्लासारखा स्राव सोडून कवच मऊ करते आणि जिभेवरच्या दातांनी कोरत जाते. कालवांना भोक पाडणाऱ्या म्युरेक्स या दुसऱ्या गोगलगायींच्या जातींचं भोक सरळ नळीसारखं असतं, म्हणून त्या बाद केल्या. कोन शंख भोक पाडतच नाही. तिथेच शर्टाच्या कॉलरसारखी वाळूची पट्टीही सापडली, म्हणजे मून स्नेलची अंडी, ती तशीच ठेवली. मून स्नेलचे रिकामे शंख दोन प्रकारचे मिळाले, एक ठिपक्यांचा नॅटिका टिग्रिना, दुसरा मोठा चपटा, तपकिरी. जिवंत उकरून काढायची नाहीये, माझ्याकडे फक्त मोबाईल आणि मोजपट्टी. तर भोकाच्या मापावरून किंवा त्या कॉलरवरून या दोघींपैकी कोण हे ठरवता येतं का, आणि येत असेल तर नेमकं काय मोजू?