पुरात मोबाईल बंद पडतात, दाद कुणाकडे मागायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, घर म्हादई नदीपासून हाकेच्या अंतरावर. २०२१ साली मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, जुलैत पूर. दोन्ही वेळा आधी वीज गेली, मग टॉवरची बॅटरी संपली आणि रेंज गायब. पुराच्या पहाटे पाणी पायरीला लागलं होतं. आईला माळ्यावर चढवून मी फोन वर धरून अंगणभर फिरत होतो. शेवटी शेजारच्या काकांच्या फोनवर दुसऱ्या कंपनीची एक काडी दिसली, त्यावरून बहिणीला कळवलं. ते अजून डोक्यातून जात नाही.

आपत्तीत इंट्रा-सर्कल रोमिंग सुरू करता येतं, म्हणजे एका कंपनीचा टॉवर पडला तरी त्याच फोनला दुसरीचं नेटवर्क मिळतं. ओडिशात फनी वादळाच्या वेळी, २०१९ मध्ये, ते केलं होतं. मग आपल्याकडे ही मागणी कुणी, कधी करायची? २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी. पण टॉवरच्या जनरेटरला डिझेल पोचवायचं तर रस्ता मोकळा हवा, वीज खात्याला कुठली लाईन आधी जोडायची ते ठाऊक हवं. पावसाआधी ही सगळी माणसं कंपन्यांसोबत एकत्र बसतात का? मोबाईलवर येणारा धोक्याचा इशारासुद्धा टॉवर चालू असेल तरच पोचतो ना!

येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे. कुणी मामलेदार कचेरीत किंवा दूरसंचारात काम केलंय का? ठरावात नेमकं काय मागावं? आणि वाड्यावर हॅम रेडिओ, म्हणजे मोबाईल टॉवरशिवाय चालणारा हौशी बिनतारी संच, ठेवायचा तर परवाना कसा काढायचा?