अपडेटनंतर सी ड्राइव्हवर आलेले रिकामे फोल्डर आणि ‘अयशस्वी’ असा शेरा: अपडेट बंदच करावे काय?

प्रश्न (केंद्रचालक, घाटंजी तालुका)

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. केंद्रात विंडोज १० असलेले दोन जुने डेस्कटॉप आणि विंडोज ११ असलेला एक लॅपटॉप आहे. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीक विम्याचे अर्ज ही सगळी कामे त्यांवरच होतात आणि इंटरनेट बहुतेक वेळा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घ्यावे लागते.

दर महिन्याच्या सुरक्षा अपडेटनंतर काही गोष्टी अशा दिसल्या, की त्यांचा अर्थ मला लागत नाही. सी ड्राइव्हवर ‘आयनेटपब’ नावाचे एक फोल्डर आहे. ते उघडले तर आत काहीही नाही, आकार शून्य बाइट, आणि मालक म्हणून माझे नव्हे तर ‘सिस्टीम’चे नाव. अपडेटच्या इतिहासात एका नोंदीपुढे ‘अयशस्वी’ असा शेरा असून त्रुटी क्रमांकाच्या शेवटी ०६४३ हे आकडे आहेत. लॅपटॉपवर ऐच्छिक अपडेटच्या यादीत इंटेलचे एक ड्रायव्हर दिसते, त्याची तारीख १८ जुलै १९६८ आहे. त्या काळी असा संगणकच नव्हता.

तालुक्याच्या दुरुस्ती दुकानात दाखवले असता त्यांनी हे व्हायरसचे काम असल्याचे सांगितले, एका डेस्कटॉपवरचे ते फोल्डर पुसून टाकले आणि ‘अपडेट कायमचे बंद करून देतो, कटकटच नको’ असा सल्ला दिला. माझ्याकडे येणाऱ्या लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खात्यांची कागदपत्रे याच संगणकांवरून जातात, म्हणून घाईने होकार द्यावासा वाटला नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (संगणक शिक्षक, मेहकर)

भाऊ, ते फोल्डर व्हायरसचे नाही, आणि ज्या डेस्कटॉपवरून ते पुसले गेले त्यावर ते परत आणणे हे तुमचे पहिले काम आहे. ८ एप्रिल २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या मासिक सुरक्षा अपडेटसोबत हे फोल्डर विंडोज १० आणि ११ या दोन्हींवर आले. हे नाव मुळात त्यांच्या आयआयएस या वेब सर्व्हरच्या फोल्डरचे. त्यामुळे ज्यांनी कधी वेब सर्व्हर चालवला नाही त्यांच्याही संगणकावर ते दिसू लागताच जगभर लोकांना तुमच्यासारखीच शंका आली. सीव्हीई-२०२५-२१२०४ या क्रमांकाने नोंदलेली सुरक्षेतील उणीव बुजवण्याचा तो एक भाग असून आयआयएस वापरात असो वा नसो, ते पुसू नये, असा खुलासा कंपनीने नंतर केला. हा खुलासा अपडेटच्या दिवशीच व्हायला हवा होता असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मधल्या काळात असंख्य लोकांनी ते फोल्डर काढून टाकले.

रिकाम्या फोल्डरने संरक्षण कसे होते, हा प्रश्न रास्त आहे. संगणकाच्या काही अंतर्गत यंत्रणा सर्वोच्च अधिकाराने काम करतात. ती यंत्रणा ज्या फोल्डरकडे जाते त्याच्या जागी एखाद्या साध्या वापरकर्त्याने भलतीकडे नेणारा दुवा ठेवला, तर ती त्या दुव्यामागे जाते आणि साध्या वापरकर्त्याच्या हाती नको ते अधिकार पडतात. पडीत जागेवर कोणी खुंट्या ठोकण्याआधी मालकाने धुरा घालून आपला ताबा दाखवावा, तसे हे फोल्डर ‘सिस्टीम’च्या मालकीने आधीच तयार करून ठेवलेले आहे. हा उपायही निर्दोष नव्हता: त्याच नावाचा दुवा तयार करून साधा वापरकर्ता पुढची अपडेटच अडवू शकतो, हे एका सुरक्षा संशोधकाने लगेच दाखवून दिले.

फोल्डर परत आणण्यासाठी कंट्रोल पॅनेलमधील ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडावे, ‘इंटरनेट इन्फर्मेशन सर्व्हिसेस’समोर खूण करावी आणि ओके म्हणावे, फोल्डर योग्य मालकीसह तयार होते. नंतर तीच खूण काढून आयआयएस बंद केले तरी फोल्डर राहते. आपल्या हाताने त्या नावाचे नवे फोल्डर मात्र करू नये, कारण मग त्याची मालकी आणि परवानग्या मूळ फोल्डरसारख्या राहत नाहीत.

१९६८ च्या तारखेतही गैर काही नाही. १८ जुलै १९६८ हा इंटेलच्या स्थापनेचा दिवस. चिपसेटच्या या फाइली मुख्यतः उपकरणाचे नाव ओळखण्यापुरत्या असतात. त्यांनी खास त्या उपकरणासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरची जागा घेऊ नये म्हणून त्यांना मुद्दाम इतकी जुनी तारीख दिली जाते. विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवरही याच कारणाने २१ जून २००६ ही तारीख आढळते.

उत्तर २ (संगणक दुरुस्ती, आर्वी)

०६४३ बद्दल सांगतो. हा क्रमांक ‘स्थापना झाली नाही’ एवढेच सांगतो, कारण सांगत नाही, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. नोंदीतला केबी क्रमांक, म्हणजे त्या अपडेटचा ओळख क्रमांक, आधी पाहा. तो ५०३४४४१ असेल तर ते ९ जानेवारी २०२४ चे विंडोज १० साठीचे अपडेट आहे. डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकर या सोयीचे कुलूप चुकवून माहितीपर्यंत पोहोचण्याची एक वाट त्याने बंद केली जाते आणि त्यासाठी डिस्कवरील रिकव्हरी पार्टिशनमध्ये (बिघडलेला संगणक सावरण्यासाठी राखलेल्या भागात) २५० एमबी मोकळी जागा लागते. जुन्या संगणकांत हे पार्टिशनच लहान असते, म्हणून अपडेट लागत नाही. खरा अडथळा जागेचा असतो आणि पडद्यावर मात्र भलताच क्रमांक येतो. कंपनीने पुढे आपोआप दुरुस्ती देणे शक्य नसल्याचे सांगून पार्टिशन हाताने वाढवण्याची कृती प्रसिद्ध केली. त्या कृतीत एखादी आज्ञा चुकली तर सगळी डिस्क जाऊ शकते. तुमच्या डेस्कटॉपवर बिटलॉकर चालूच नसेल तर चुकवायला कुलूपच नाही, तेव्हा बॅकअप न घेता त्या वाटेला जाऊ नये, असे मी ग्राहकांना सांगतो. एप्रिल २०२५ मध्ये रिकव्हरीच्याच आणखी एका अपडेटबाबत हाच क्रमांक दिसत होता. तो संदेश अचूक नसल्याचे कंपनीने मान्य केले होते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ते अपडेट बहुधा लागलेले असे.

आपल्या भागात आणखी एक कारण असते आणि ते कुठल्याही यादीत सापडत नाही. पडद्यावर टक्केवारी चढत असते, ‘संगणक बंद करू नका’ असे लिहिलेले असते आणि नेमकी त्याच वेळी लाईन जाते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर पुढच्या वेळी ‘बदल मागे घेतले जात आहेत’ हे वाक्य बराच वेळ दिसत राहते आणि लोक अपडेटला दोष देतात. इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली आहे हे पाहूनच ‘रीस्टार्ट’ म्हणावे. विंडोज ११ मध्ये तर ‘अपडेट करून बंद करा’ निवडल्यावरही संगणक बंद न होता पुन्हा सुरू होऊन तसाच राहण्याचा दोष होता. तो ऑक्टोबर २०२५ च्या अखेरच्या ऐच्छिक अपडेटमध्ये दूर झाला. केंद्राला कुलूप लावण्याआधी लॅपटॉप खरोखर बंद झाला आहे ना, हे पाहावे.

दुकानदाराच्या सल्ल्याविषयी मी व्यवसायात असूनही परखडपणे लिहितो. ‘अपडेट कायमचे बंद’ हा उपाय नव्हे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने एका उणिवेवर अपडेट दिले होते. १२ मे २०१७ रोजी त्याच उणिवेतून वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला आणि ज्यांनी ते अपडेट घेतले नव्हते त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. लोकांची कागदपत्रे सांभाळणाऱ्या केंद्राने ती जोखीम घेऊ नये.

उत्तर ३ (ग्रामपंचायत संगणक परिचालक, सिंदेवाही तालुका)

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. तरीही सगळेच दोष दुर्लक्ष करण्यासारखे नसतात, म्हणून ग्रामपंचायतीच्या कामाशी थेट संबंध येणारा एक मुद्दा जोडतो. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशेबाच्या पोर्टलवरून रक्कम वळती करताना सरपंच आणि सचिव यांच्या डिजिटल सहीचे यूएसबी टोकन लागते. १४ ऑक्टोबर २०२५ च्या सुरक्षा अपडेटने आरएसए प्रकारची (डिजिटल सहीसाठी वापरली जाणारी) प्रमाणपत्रे हाताळण्याची जुनी पद्धत बाजूला सारून नवी पद्धत सक्तीची केली, त्यामुळे जुन्या पद्धतीवर बेतलेल्या, विशेषतः ३२-बिट सॉफ्टवेअरला स्मार्ट कार्ड (सहीचे टोकनही त्याच प्रकारचे) ओळखता येईना आणि कागदपत्रांवर सही होईना. अशा वेळी टोकन खराब झाले असे समजून नवे टोकन विकत घेण्याआधी टोकनच्या कंपनीचे ताजे सॉफ्टवेअर घालून पाहावे. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यातली) एक नोंद बदलण्याचा तात्पुरता मार्गही मायक्रोसॉफ्टने दिला होता, पण तो जाणकाराकडूनच करून घ्यावा.

दुसरा प्रकार छपाईचा. जानेवारी २०२५ च्या अखेरीस आलेल्या ऐच्छिक अपडेटनंतर काही यूएसबी प्रिंटर आपोआप कागद ओढू लागले. प्रिंटर चालू केला किंवा केबल पुन्हा जोडली की ‘पोस्ट /आयपीपी/प्रिंट एचटीटीपी/१.१’ अशा अर्थहीन वाटणाऱ्या ओळी छापून येत. संगणक प्रिंटरशी ज्या भाषेत आतल्या आत बोलतो तेच बोलणे मजकूर म्हणून कागदावर उतरत होते. ते कोणी बाहेरून पाठवत नव्हते. मार्च २०२५ च्या अखेरीस त्यावर दुरुस्ती आली. दाखल्यांचे कागद वाया जाणे केंद्राला परवडत नाही, हे मी जाणतो, आणि म्हणूनच महिन्याच्या अखेरीस येणारी ‘प्रीव्ह्यू’ अपडेट कामाच्या संगणकावर घेऊ नयेत असे मला वाटते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (केंद्रचालक, घाटंजी तालुका)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. केबी क्रमांक ५०३४४४१ च आहे आणि बिटलॉकर बंद आहे, त्यामुळे ती नोंद तशीच राहू देतो. पुसलेले फोल्डर वर सांगितल्याप्रमाणे परत आणले. दुकानात मात्र मी पुन्हा संगणक देणार नाही. आता अडचण डेटाची आणि वेळेची आहे: दाखल्यांसाठी रांग लागलेली असताना अपडेट सुरू झाले तर हॉटस्पॉटचा वेग संपतो.

उत्तर ४ (संगणक शिक्षक, मेहकर)

मासिक सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेतील सकाळी प्रसिद्ध होते. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात, म्हणून आपल्यापुरता तो बुधवार समजावा. त्या बुधवारी घाई करू नका. सेटिंग्जमधील ‘पॉज’चा वापर करून एक आठवडा थांबावे; एखादा गंभीर दोष असेल तर तेवढ्यात तो उघडकीस येतो. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटने विंडोज ११ च्या रिकव्हरी पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले होते, त्याची दुरुस्ती २० ऑक्टोबरला, म्हणजे आठवडाभरात आली. पॉज पाच आठवड्यांपर्यंत ठेवता येतो, पण तितके थांबू नये. अपडेट संचयी असतात, त्यामुळे एखादा महिना चुकला तरी पुढच्यात मागचे सगळे येते.

विंडोज अपडेटच्या सेटिंग्जमधील ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये स्थानिक नेटवर्कवरील संगणकांकडून घेण्याची सोय चालू करावी. मग एका डेस्कटॉपने उतरवलेले अपडेट दुसऱ्याला बरेचसे त्याच्याकडूनच मिळते; हॉटस्पॉट ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेला) म्हणून नोंदवलेला असेल तर मात्र ही देवाणघेवाण होत नाही.

तुमच्या दोन डेस्कटॉपबाबत मला या सगळ्यापेक्षा मोठी काळजी आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ते ईएसयू या वाढीव योजनेत नोंदवलेले नसतील तर त्यांना मासिक सुरक्षा अपडेट येतच नाही. नोंदवले तर वैयक्तिक वापराच्या संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळेल. यातही एक गोंधळ झाला होता: ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर योजनेत असलेल्या काही संगणकांवरही ‘आधार संपला’ अशी चुकीची सूचना झळकत होती. म्हणून सूचनेवर विसंबू नका, अपडेटचा इतिहास उघडून त्या महिन्याचे संचयी अपडेट लागले आहे काय, ते पाहा. त्याच इतिहासात डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसची नोंद रोज दिसेल, कारण व्हायरस ओळखण्याची ती माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. ते सुरक्षा अपडेट नव्हे.