टंचाईचे अनुदान विहिरीला द्यावे की सड्याला?

सत्तरीची_पोफळ
गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग तुम्हाला दुष्काळाचे पैसे कशाला, असे मला बाहेरचे लोक नेहमी विचारतात. त्यांनी मार्चच्या शेवटी आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-केळींच्या बागेत यावे. डोंगराच्या अंगाची झर पाटाने खाली येते. माझ्या लहानपणी मे महिन्यातही तिचे पाणी शेवटच्या पोफळींपर्यंत पोचायचे. यंदा शिगम्यानंतर पंधरा दिवसांत ते मधल्या केळींपाशीच जिरू लागले. खालच्या झावळ्या पिवळ्या पडल्या. आता रोज सकाळी झाडांच्या बुडाशी कोवळी हिरवी सुपारी सांडलेली असते. ती वेचताना जीव तुटतो.

शेतकऱ्याला अनुदान मिळते ते विहिरीला, पंपाला, ठिबकला. 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत केंद्राच्या नियमाने लहान शेतकऱ्याला ठिबकच्या खर्चाचे 55 टक्के मिळतात, इतरांना 45 टक्के. मिळायलाच हवेत. पण हे पैसे पाणी उपसायचे आणि पुरवून वापरायचे. पाणी मुरते कुठे? वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या जांभ्या दगडाच्या पठारावर. जांभा सच्छिद्र, पाऊस आत घेतो. खाली चिकणमातीचा थर लागला की तेच पाणी उतारावर झर होऊन बाहेर येते. सडा उघडा पडला, वरची झाडी गेली की झर आटणारच.

म्हणून माझे मत असे: टंचाईसाठी येणाऱ्या पैशातला निदान अर्धा वाटा सडा, ओहोळ, पाट आणि बंधारा एकत्र धरून गावाला द्यावा, आणि त्यात पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे आधीच धरावेत.

डिचोलीचा_मळा
दादा, मला हे पटत नाही. मी नोव्हेंबरपासून मिरची, भेंडी, अळसांदे (चवळी) लावतो. मला पाणी या फेब्रुवारीत लागते. सड्यावर चर मारून झर वाढेपर्यंत माझे तीन हंगाम जातील, तोवर घर कशावर चालवू? ठिबक घातल्यापासून त्याच विहिरीवर मी जवळजवळ दुप्पट वाफे भिजवतो. हे माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आणि गावाच्या नावाने आलेला पैसा कुठे जातो तेही पाहिले आहे. शेजारी महाराष्ट्रात जलयुक्त शिवार झाले. 9,600 कोटींवर खर्च झाला आणि 2020 मध्ये कॅगने सांगितले की भूजल वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. आमच्या वाड्यावरही ओहोळावर बंधारा बांधला. दोन वर्षे पाणी अडवायच्या फळ्या घातल्या. तिसऱ्या वर्षी पावसाआधी कुणी त्या काढल्याच नाहीत, निम्म्या वाहून गेल्या. आता नुसते खांब उभे आहेत. माझी विहीर मी राखतो, कारण ती माझी आहे.

फोंड्याची_वायंगण
तुमचा बंधारा का मोडला ते तुम्हीच सांगितलेत. बांधायला पैसे होते, फळ्या घालायला नव्हते.

आमच्याकडे पाऊस सरला की घरटी एक माणूस ओहोळावर जातो. फळ्या दोन ओळींत बसवायच्या, मधल्या पोकळीत चिकणमाती आणि गवत घालून पायांनी तुडवायचे. एक जागा सैल राहिली तरी रात्रीतून पाणी वाट काढते. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात. त्या पाण्यावर आमचे वायंगणाचे, म्हणजे पावसाळ्यानंतरचे भात उभे राहते आणि खालच्या विहिरींना एप्रिलपर्यंत आधार मिळतो. पण पोरे कामाला वेर्ण्याच्या कारखान्यांत जातात, येणारी माणसे दरवर्षी कमी होताहेत. या दोन-तीन दिवसांची मजुरी अनुदानात बसवा म्हणून आम्ही विचारले, तर बांधकामाशिवाय तरतूद नाही असे उत्तर मिळाले. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. नवा बंधारा नको, आहे त्याच्या फळ्यांचे पैसे द्या!

पेडण्याचा_मोरड
तुम्ही तिघेही एक गोष्ट विसरता. सडा कुणाचा? कुठे कोमुनिदादचा (गावाची जुनी सामायिक जमीन सांभाळणारी संस्था), कुठे भाटकाराचा म्हणजे जमीनदाराचा, कुठे वनखात्याचा. आणि खाली कसणाऱ्याच्या हातात काय? आमच्या एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे, त्यांना जाऊन तीस वर्षे झाली. वारस चार ठिकाणी. अनुदानासाठी लागणाऱ्या कृषी कार्डाचा अर्ज दोनदा परत आला. विहिरीचे अनुदान असो की सड्याचे, माझ्यासारख्याला दोन्ही बंद.

शिवाय गाव खाली चर मारणार आणि वर कुणीतरी सडा सपाट करून बंगले उभे करणार. त्याला आधी आळा घाला, नाहीतर तो पैसा मातीत गेला म्हणून समजा.

सत्तरीची_पोफळ
उताऱ्याचा मुद्दा मी मांडायलाच हवा होता. कसतो त्याला मिळाले पाहिजे, पंचायतीने पंचनामा करून द्यावा. सडा राखण्याची अट असल्याशिवाय पैसा येऊ नये, हेही मान्य.

पण डिचोलीकर, विहीर तुमची असली तरी तिच्यातले पाणी तुमच्या कुंपणापाशी थांबत नाही. शेजाऱ्याने खोल बोअर मारली तर तुमचे ठिबक काय करील? गोव्यात भूजलाचा कायदा 2002 पासून आहे, पण वाड्यावर पाण्याचा हिशोब कोण ठेवतो? हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, म्हणून तिथे चर आणि बांध कामाला आले.

मोजणी अवघड नाही. झरीखाली 20 लिटरची बादली धरायची आणि घड्याळ बघायचे. माझ्याकडे मार्चच्या सुरुवातीला ती 40 सेकंदांत भरली, एप्रिलअखेर अडीच मिनिटे लागली. गावाला हप्ता द्यायचा तर असे आकडे आणि वेळेवर घातलेल्या फळ्या पाहून द्यावा, जेसीबीचे तास पाहून नव्हे.

डिचोलीचा_मळा
बादलीचे पटले. माझ्या विहिरीची पातळी मी दर पंधरवड्याला दोरीने मोजून इथे टाकीन. पण अर्धा वाटा मला मान्य नाही. पहिली तीन वर्षे विहीर आणि ठिबकचा एक रुपयाही कमी करू नका. गावाला द्यायचे ते वेगळे द्या, आणि त्यातले पहिले पैसे फोंड्याच्या ताईंच्या फळ्यांना.