मदत हवी आहे: आफ्रिकन ब्लॅकवूडची मूठ पात्यापासून सुटायलीय

गंगाथडी (परभणी):
चाकू शिकारी घाटाचा आहे, काम शेतातलंच. पातं १०५ मि.मी., ट्रकच्या कमानपाट्याचं, जाडी ४ मि.मी. टँग (पात्याची मुठीत जाणारी पट्टी) मुठीच्या शेवटापर्यंत. दोन्ही बाजूंनी ब्लॅकवूडच्या ९ मि.मी. फळ्या, ५ मि.मी.च्या दोन पितळी पिना, पाच मिनिटांत बसणारं इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद). फेब्रुवारीत जोडलं. आता एप्रिलअखेर पुढच्या टोकाला नख जाईल एवढी फट पडलीय आणि मागच्या पिनेपासून शेवटापर्यंत केसासारखी चीर गेलीय. वरून जवसाचं तेल दिलं होतं, तेही तीन आठवडे झाले तरी बोटाला चिकटतंय. लाकूड महागाचं आहे, वाचेल का?

ऐरण (नांदेड):
वाचेल. आधी एक सांगा, तुकडा आला तेव्हा टोकांना मेण लावलेलं होतं का? असेल तर लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं असंच धरा. ब्लॅकवूड इतकं घट्ट असतं की पाण्यात टाकलं तर बुडतं. आतला ओलावा महिनोन्‌महिने निघत नाही. मग आपल्याकडचा उन्हाळा लागला की लाकूड आडवं आकसतं, टँग काही आकसत नाही, आणि ताण सगळा पिनेवर येतो. चीर पिनेपासूनच सुरू झाली, ती त्यामुळं. पिनेची टोकं हातोडीनं जास्त ठोकून फुगवली असतील तर भोकात पाचर मारल्यासारखंच झालं.

काढायची रीत: पात्याला जाड कापड गुंडाळून टेप मारा. पिनेचं डोकं ४.५ मि.मी.च्या ड्रिलनं पोखरा, उरलेली पिन पंचनं बाहेर सारा. हॉट एअर गननं टँगची कड तापवा. साधं इपॉक्सी साठ-सत्तर अंशांना मऊ पडतं, मग पातळ पट्टी सारली की फळी सुटते. पात्याला २०० अंशांच्या आसपास टेंपर दिलेला असेल (कडक केल्यावर परत हलकं तापवलेलं असेल) तर एवढ्यानं पाणी, म्हणजे पात्याचा कडकपणा, उतरत नाही. गॅसची ज्योत मात्र लावू नका, लाकूडही जाईल आणि पातंही.

वखर (लातूर):
चिरेत पातळ सुपरग्लू सोडा, वरून त्याच लाकडाचा भुसा दाबा. भुसा करताना मास्क लावा. या जातीच्या लाकडांच्या धुळीनं अंगाला खाज सुटते, दम लागतो. चीर दुसऱ्या बाजूला आरपार दिसत असेल तर फळी बदलावीच लागेल.

तेलाचं कोडं सोपं आहे. शिसवाच्या कुळातल्या या लाकडात स्वतःचंच तेल-राळ असते, ती जवसाच्या तेलाला वाळू देत नाही. ॲसिटोननं पुसून काढा. याला तेल नकोच: ४००, ८००, १५०० पॉलिश पेपर आणि शेवटी मेण. काच होते काच. तेच लाकडातलं तेल गोंदालाही नडतं, म्हणून जोडण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी आतली बाजू ॲसिटोननं पुसायची. आदल्या दिवशी पुसून ठेवलं तर तेल परत वर येतं.

गंगाथडी:
मेण होतंच टोकांना. मग आता पावसाळ्यापर्यंत थांबू का?

ऐरण:
उलट करा. बसवायचं ते मे महिन्यातच. फळ्या सुटल्या की खाली काड्या घालून घरात सावलीत ठेवा आणि दर रविवारी सोनाराच्या काट्यावर तोला, ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. लागोपाठ दोन रविवार वजन हललं नाही की लाकूड तयार. कोरडं असताना बसवलं तर ऑगस्टमध्ये फुगून टँगच्या कडेबाहेर जरासं येईल, बोटाला लागेल, एवढंच. ओलं बसवलं तर उन्हाळ्यात फाटणारच.

वखर:
जोडताना इपॉक्सी चोवीस तासांचं घ्या. टँग ६० नंबरच्या पेपरनं खरवडा, पिनांच्या मधल्या जागेत ६ मि.मी.ची दोन-तीन भोकं जादा पाडा. त्यातून दोन्हीकडचं इपॉक्सी एकमेकाला धरतं. पिनेचं भोक लाकडात ५.२ मि.मी. ठेवा. शिकंजा करकचून आवळू नका, सगळा गोंद बाहेर पिळला जातो आणि सांधा उपाशी राहतो. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं लेदरॉइड पेपर (मोटारीत घालायचा जाड, चिवट कागद) मिळतो, त्याचा एक थर फळी आणि टँगच्या मधे घाला, थोडी हालचाल तो पोटात घेतो. बेल्टवर घासताना पिन हाताला चटका देईल इतकी तापली की थांबा, आतलं इपॉक्सी सुटतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चाकू ठेवला तरी तेच होतं.

गंगाथडी:
एक फळी आरपार गेली असेल तर ब्लॅकवूड परत मागवावं का?

ऐरण:
या कुळाची सगळी झाडं २०१७ पासून साइटीसच्या (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहेत, परदेशातून मागवायचं तर कागदपत्रं लागतात. आपल्याकडचं अंजन बघा. जुन्या वाड्याच्या पाडकामात खांबाचा तुकडा मिळाला तर कित्येक उन्हाळे खाल्लेलं लाकूड आयतंच हाती येतं. फक्त कापायच्या आधी चुंबक फिरवा. आत जुना खिळा असला तर करवतीचे दात गेले.