बॅकलॉग (करायच्या कामांची यादी) कितीही नीट लावा, कामं संपत नाहीत. मग लावायचा कशाला?

दर्यावर्दी (रत्नागिरी)
मंडळी, घरून काम करतो, प्रोजेक्ट मोठाय, आठेक टीम, आणि बॅकलॉगमधे हजाराच्या वर तिकिटं, म्हणजे एकेका कामाच्या नोंदी. एपिक (मोठी कामं), सबटास्क (त्यांचे तुकडे), रंगीत लेबलं, स्टोरी पॉइंट (काम केवढं त्याचा अंदाज) सगळं आहे आणि ते नीट ठेवायलाच दर आठवड्याला दोन मीटिंगा. माझं मत सरळ आहे, मांडणी हा मुद्दाच नाही, एका वेळी किती कामं उघडी ठेवायची हा मुद्दा आहे. लिटलचा नियम बघा, एका कामाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे चालू कामं भागिले संपवण्याचा वेग. टीम आठवड्याला ५ कामं संपवत असेल आणि ४० उघडी असतील तर एकेक काम सरासरी ८ आठवडे लटकणार, १० च ठेवली तर २ आठवडे. माणसं तीच, पगार तोच. गणपतीत आपल्याकडे काय होतं? कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा डबल लाईनचा टप्पा सोडला तर पुढे बहुतेक सिंगल लाईन, त्यात जादा गाड्या सोडल्या की क्रॉसिंगला थांबून थांबून सगळ्याच लेट.

कुडाळकर
अहो पण त्याच सिंगल लाईनला कंट्रोल रूम असते ना! कुठली गाडी कुठे बाजूला घ्यायची ते स्टेशन मास्तर आपापल्या मनाने ठरवत नाहीत. तुमची लिमिट एका टीमपुरती ठीक आहे. आमच्याकडे प्रत्येक टीमचा बोर्ड (कुठलं काम कुठवर आलंय ते दाखवणारा फळा) चकाचक होता आणि फीचर मात्र महिनोन्महिने बाहेर पडत नव्हतं, कारण पेमेंटवाले लॉगिनवाल्यांच्या एपीआयसाठी (दोन प्रोग्रॅम जोडणाऱ्या दुव्यासाठी) थांबलेले आणि लॉगिनवाल्यांच्या बोर्डावर ते कामच नव्हतं. कोणी विचारलंच नाही, कोणी सांगितलंच नाही. कोण कोणासाठी अडलंय हे एका ठिकाणी दिसायलाच पाहिजे, त्यासाठी लेबलं लागली तर लागू देत.
आणि दुसरं, जूनमधे लाईट जाते, मागोमाग टॉवर जातो, मग काम कुठवर आलंय हे तिकिटात लिहिलेलं नसेल तर पुण्यातला माणूस ते उचलणार कसं? फोन तर लागत नाही.

गुहागरची_डेव्ह
लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बघा की. सगळ्यांची कामं वाटून देणारा एक बोर्डच नाही तिथे. पॅच (कोडमधले बदल) ईमेलने येतात, कुठला भाग कोणाकडे ते मेंटेनर्स नावाच्या फाईलमधे लिहिलेलं. दोन आठवडे मर्ज विंडो (नवे बदल आत घ्यायची मुदत), मग साधारण दर आठवड्याला एक आरसी (रिलीजआधीची चाचणी आवृत्ती), नऊ-दहा आठवड्यांनी रिलीज. विंडो चुकली तर पुढच्या वेळी या, रडारड नाही. तारीख साधारण ठरलेली, त्यात काय जाईल ते पक्कं नाही. आपल्याकडे बरोब्बर उलटं, म्हणून एवढी तिकिटं.

कुडाळकर
ताई, कर्नलने कुठल्या क्लायंटला "हे फीचर दिवाळीच्या आत देतो" असं लिहून दिलेलं नसतं हो. आणि तिथे पॅच पाठवणारे बरेच जण कंपन्यांचे पगारी लोक, त्यांच्या कंपनीत आत बोर्ड असणारच की. तुम्हाला दिसत नाही एवढंच.

गुहागरची_डेव्ह
क्लायंटचा मुद्दा मान्य. पण मग निदान जुनी तिकिटं तरी बंद करा. कुबरनेटीस या ओपन सोर्स प्रोजेक्टमधे बॉट आहे, ९० दिवस हालचाल नाही तर इश्यूवर (तिकिटावर) शिळा असा शिक्का, आणखी ३० दिवसांनी कुजका, आणखी ३० दिवसांनी बंद. कोणाला खरंच हवं असेल तर तो येऊन परत उघडेल.

कुडाळकर
हे मला अजिबात पटत नाही. तिकीट बंद केलं म्हणून बग गेला का? ज्या माणसाने तासभर खपून लॉग जोडून बग कळवला त्याला पाच महिन्यांनी बॉटचा मेल. परत कळवेल तो कधी? उघडी राहू देत, जागा काय खातायत?

दर्यावर्दी
लक्ष खातात साहेब! शोधायला गेलं की एकाच बगची चार तिकिटं सापडतात आणि खरं कुठलं कळत नाही. तरी तुमचं अर्धं घेतो, तिकिटांचा ट्रॅकर सगळ्यांचा एकच असू दे, कोण कोणासाठी अडलंय तेही तिकिटात दिसू दे, पण "चालू" कॉलमला प्रत्येक टीमची लिमिट हवी आणि ती भरली की नवीन काम घ्यायचं नाही, अडलेल्या टीमला हात द्यायचा.

मालवणी_बग
तुमचा सगळ्यांचा बरोबर आसा, पण माका एक सांगा, ही लिमिट मोडता कोण? आमच्याकडे सोमवारी लिमिट ठरता आणि मंगळवारी क्लायंटचो फोन इलो की मॅनेजरच तीन कामां आत ढकलता. त्येका नाय कोण म्हणतलो?

दर्यावर्दी
आत एक घातलं तर बाहेर कुठलं काढायचं तेही त्यानेच तिकिटावर स्वतःच्या नावाने लिहायचं. आम्ही एवढं एकच मागितलं, तर म्हणे प्रोसेस वाढवू नका 😀