दोन गर्भ सोडण्याचा सल्ला देणाऱ्यांना उत्तर

औदुंबर
आयव्हीएफच्या (शरीराबाहेर बीज फलित करण्याच्या उपचाराच्या) धाग्यावर काल पीसीओ, म्हणजे अंडाशयात खूप बीजकोश, असलेल्या 28 वर्षांच्या मुलीला एका सदस्याने लिहिलं: "सरळ दोन गर्भ गर्भाशयात सोडायला सांगा. जुळं झालं तर एकाच खर्चात कुटुंब पूर्ण. चांगल्या सेंटरला सत्तर टक्के यश आहेच." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून हा वेगळा धागा.

आधी ते सत्तर टक्के. कशाचे? बीटा एचसीजी ही गर्भधारणेची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आलेल्यांचे, सोनोग्राफीत ठोके दिसलेल्यांचे, की मूल घरी नेलेल्यांचे? आणि भागिले कशाने? बारा स्त्रीबीजं निघाली तर साधारण नऊ-दहा पक्व असतात, सहा-सात फलित होतात, पाचव्या दिवशी रुजायला तयार गर्भ, म्हणजे ब्लास्टोसिस्ट, हाती येतात दोन-तीन. वाटेत ज्यांचं काहीच उरलं नाही त्यांना हिशोबातून वगळलं की आकडा फुगतो. ब्रिटनची नियामक संस्था एचएफईए आकडे उघड करते. 2019 मध्ये स्वतःचं बीज वापरणाऱ्या 35 च्या आतल्या स्त्रियांत सोडलेल्या दर गर्भामागे सुमारे 32 टक्के जन्म झाले, 43 च्या पुढे पाचाहून कमी.

आता जुळं. निम्म्याहून जास्त जुळी 37 आठवड्यांच्या आत जन्मतात. आईला बीपी वाढण्याचा धोका एका गर्भाच्या दुप्पट-तिप्पट. ज्याला "कुटुंब पूर्ण" म्हणता, त्यात एनआयसीयूचे (नवजात बाळांच्या आयसीयूचे) दिवस धरलेत का?

मीठभाकर
सगळं खरं, पण हे लिहिताना खिसा कुणाचा धरलात? बीजं वाढवायची इंजेक्शनं 225 युनिट रोज, नऊ-दहा दिवस. वर बीजं वेळेआधी सुटू नयेत म्हणून अँटॅगोनिस्ट, बीजं काढायचा पिकअप, भूल, लॅब. गर्भ उरले तर ते गोठवायचं फ्रीझिंग वेगळं, दरवर्षी साठवणीचे पैसे वेगळे. मग फ्रोझन ट्रान्सफरला, म्हणजे गोठवलेला गर्भ सोडताना, पुन्हा इस्ट्रॅडिऑल, प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स, सोनोग्राफ्या. जमीन गहाण टाकून एकदाच येणाऱ्या जोडप्याला "एकच सोडा, बाकीचे पुढच्या वेळी" हे कुठल्या तोंडाने सांगायचं? पुढची वेळच नसते.

कवठीचाफा
मीठभाकर, म्हणूनच बेल्जियमचं उदाहरण बघा. 2003 च्या जुलैपासून तिथे 43 च्या आतल्या स्त्रीला लॅबच्या खर्चासकट सहा सायकल (उपचाराच्या फेऱ्या) सरकारी विम्यातून मिळतात. बदल्यात अट: 36 च्या आत पहिल्या वेळी एकच गर्भ. जुळी झपाट्याने घटली आणि नवजात विभागाचे जे पैसे वाचले त्यातून सायकलींचा खर्च निघेल असाच हिशोब मांडला होता. इस्रायल तर दोन मुलं होईपर्यंत, स्त्रीच्या 45 व्या वर्षापर्यंत, सायकलींचा खर्च सरकारी विम्यातून देतं. गोष्ट गर्भांच्या संख्येची नाही, पैसे कोण भरतो याची आहे. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात 2023 पासून मोफत उपचार सुरू झाले, तसं आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात का नाही, यावर बोला.

औदुंबर
पैसे कोणीही भरोत, शरीर तिचंच असतं. 2004 ची स्कँडिनेव्हियन चाचणी घ्या, 36 च्या आतल्या 661 स्त्रिया. एका गटात दोन ताजे गर्भ एकदम. दुसऱ्यात एक ताजा, नाही राहिला तर गोठवलेला एक. मूल झालं 42.9 टक्के विरुद्ध 38.8 टक्क्यांना. मूल झालेल्यांत जुळी 33.1 टक्के विरुद्ध 0.8. चार टक्क्यांसाठी मूल होणाऱ्या तिघींतल्या एकीला जुळ्याच्या धोक्यात ढकलायचं?

निरगुडी
खर्चाचं चाललंय तर सरसकट इक्सीबद्दल (एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडण्याबद्दल) कोणीच कसं बोलत नाही? पुरुषाचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी बिलात इक्सी असतेच. व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह सिटीत 1064 जोडप्यांवर चाचणी झाली, 2021 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल नॉर्मल असताना इक्सीत 35 टक्के, शुक्राणू बीजाजवळ नुसते सोडायच्या साध्या आयव्हीएफमध्ये 31 टक्के जन्म, आणि हा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर टिकला नाही. मग हे पैसे कशाचे?

पेट्रीडिश
लॅबमध्ये उभं न राहता हे लिहिणं सोपं आहे. साध्या पद्धतीत शंभरातल्या पाचेक सायकलींत एकही बीज फलित होत नाही. रिपोर्ट नॉर्मल असूनही. दुसऱ्या दिवशी सकाळी डिश उघडून ते पाहावं लागतं आणि जोडप्याला फोन करावा लागतो. तोवर बीज जुनं झालेलं असतं, उशिरा केलेल्या इक्सीतून फारसं काही निघत नाही. गोठवलेल्या बीजाला तर इक्सीच लागते, कारण भोवतीच्या पेशी आधीच काढलेल्या असतात आणि आवरण कडक झालेलं असतं.

निरगुडी
गोठवलेल्या बीजाचं कोण बोलतंय? भीती दाखवून विकू नका. पाचांसाठी पंचाण्णवांकडून पैसे घ्यायचे? शंका असेल तर अर्धी बीजं साध्या पद्धतीने, अर्धी इक्सीने करता येतात.

पेट्रीडिश
"विकू नका" हा शब्द मागे घ्या. आणि चारच बीजं निघाली तर अर्धी-अर्धी म्हणजे दोन-दोन. तो जुगार तुम्ही सांगा पेशंटला.

कवठीचाफा
दोघेही शांत व्हा. पण निरगुडींचा मुद्दा मोठा आहे. बेल्जियमच्या गेंकमध्ये 'वॉकिंग एग' प्रकल्पाने महागड्या इनक्युबेटरशिवाय गर्भ वाढवून दाखवले. एका नळीत सायट्रिक अॅसिड आणि खाण्याचा सोडा, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड सुईने दुसऱ्या बंद नळीतल्या द्रावणात, आणि ती नळी 37 अंशांच्या ठोकळ्यात. बीज आणि शुक्राणू बुचातूनच आत सोडायचे. न उघडता गर्भ तपासता येतो. हे चालतं ते साध्या फलनावर. सगळ्यांना इक्सी हवीच म्हटलं की शुक्राणू टोचायचा मायक्रोमॅनिप्युलेटर आला, आणि स्वस्त लॅब संपली.

पेट्रीडिश
आणि शुक्राणू अगदी कमी असतील तर? आपल्याकडे ते जोडपं रोज येतं. बीजवाहिन्या बंद असलेल्या स्त्रीसाठी ही पद्धत ठीक, एवढं मान्य. याहून जास्त नाही.

मीठभाकर
मूळ मुद्द्यावर येऊ. औदुंबर, तुमची चाचणी 36 च्या आतल्यांची. 41 व्या वर्षी तिसऱ्या दिवसाचे दोनच गर्भ हाती असतील तर? त्यातला एक गोठवून काय साधणार?

औदुंबर
तिथे दोन सोडा. त्या वयात बहुतेक गर्भांत गुणसूत्रांचा दोष असतो, दोन्ही रुजण्याची शक्यता कमी. पण पीसीओ असलेल्या 28 वर्षांच्या मुलीला तोच सल्ला देणं धोक्याचं आहे, आणि कालच्या धाग्यावर नेमकं तेच झालं. वीस-पंचवीस फॉलिकल (बीजकोश), वर बीजं पक्व करायला 10,000 युनिट एचसीजीचा ट्रिगर, आणि लगेच ताजे दोन गर्भ. गर्भ राहिला की त्याचं स्वतःचं एचसीजी ओएचएसएस (अंडाशय सुजून पोटात पाणी साठणं) भडकवतं, जुळ्यात आणखी जास्त. दिवसात किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं, पायात किंवा मानेत रक्ताची गुठळी. ओएचएसएस टाळायची रीत ठाऊक आहे: अँटॅगोनिस्ट प्रोटोकॉल, एचसीजीऐवजी ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिनचा ट्रिगर, सगळे गर्भ फ्रीझ, आणि पाळी येऊन गेल्यावर एकाच गर्भाचा ट्रान्सफर. काचीकरणाने (अतिवेगाने) गोठवलेले नव्वद टक्क्यांहून जास्त गर्भ चांगल्या लॅबमध्ये शाबूत निघतात.

मीठभाकर
पीसीओवाल्या मुलीचं पटलं. तिला मीही दोन म्हणणार नाही. पण फ्रीझिंग आणि पहिला फ्रोझन ट्रान्सफर पॅकेजच्या आतच हवा, हे तुम्हीही मोठ्याने म्हणा. नाहीतर तुमचा सल्ला पैसेवाल्यांपुरताच.

औदुंबर
म्हणतो. आणि तो इंजेक्शनं सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्यावा.

निरगुडी
त्याच कागदावर इक्सीचं कारणही लिहून घ्या.

पेट्रीडिश
लिहून देऊ. आधी "विकू नका" मागे घ्या.