दुखण्याच्या गोळ्या सोडताना काय झालं ते लिहा

तीन वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं. घरी येताना दहा दिवसांचं ट्रामाडॉल दिलं होतं, अफूच्या जातीचं दुखण्याचं औषध. ते मी चौदा महिने घेतलं, दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या. ओळखीचा दुकानदार जुन्याच चिठ्ठीवर देत होता. तो गावाला गेला आणि दुसऱ्या दुकानात ताजी चिठ्ठी मागितली. (२०१८ पासून ट्रामाडॉल एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, त्याचं बरोबरच होतं. मी मात्र तेव्हा भांडलो.)

दुसऱ्या दिवशी जांभयांवर जांभया. मग नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी, ऐन मे महिन्यात अंगावर काटा. बायकोने काढा दिला. रात्री पायांत अशी वळवळ की ते ठेवायचे कुठे तेच कळेना. तीन वाजता गच्चीवर येरझाऱ्या घालत होतो. तिसऱ्या दिवशी जुलाब. मग जुन्या पाकिटात एक गोळी सापडली. घेतली, आणि तासाभरात सर्दी, पोट, पाय सगळं जागेवर. तेव्हा कुठे उमगलं.

शरीराला सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं, हे डॉक्टरांनी बायकोसमोर सांगितलं तेव्हा मी मान वर केली. मग दर महिन्याला अर्धी गोळी कमी. सहाच्या साडेपाच, साडेपाचच्या पाच. वर्ष लागलं. लाजेपोटी कुणी बोलत नाही म्हणून विचारतोय. दवाखान्यांची, दुकानांची नावं नकोत.

सातपूर, कंपनीत कामाला
मी एका झटक्यात बंद केल्या. चार दिवस काढू म्हटलं. जुलाब, घाम समजू शकतो, पण मान वळवली की डोक्यात करंट बसायचा, आणि विनाकारण भीती. मशीनवर उभं राहवेना. डॉक्टर म्हणाले, ट्रामाडॉल थोडं डिप्रेशनच्या गोळीसारखंही काम करतं, म्हणून हे जास्तीचे प्रकार होतात. परत सुरू करून हळूहळू उतरवलं. पोट लवकर सुधारलं. झोप यायला दीड महिना गेला.

निफाड
एकच सांगतो. छाटणीच्या दिवसांत डोस कमी करायला घेऊ नका. मी ऑक्टोबरात घेतला, बागेत मजूर आणि मी पंप सोडून बांधावर आडवा. डॉक्टरांनी तोच डोस तसाच ठेवला. वाढवला नाही, फक्त थांबवला. माल निघाल्यावर पुढची पायरी.

इंदिरानगर
अर्धी कशी करता? माझ्या गोळीवर एसआर लिहिलंय.

ती मोडू नका, चावूही नका. हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. डॉक्टरांकडून साधी लिहून घ्या. (मूळ लिहिणारा)

नाशिकरोड, मुलगी
थोडं वेगळं लिहिते. आईला कॅन्सर होता, मॉर्फिन चालू होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण 'सवय लागेल हो' म्हणून जायचा. आईने मनात घेतलं आणि आम्हाला न सांगता गोळ्या उशीखाली ठेवायला लागली. दोन दिवसांत घाम, उलट्या, तडफड, वर मूळ दुखणं. आम्हाला वाटलं शेवट आला. चादर बदलताना गोळ्या सापडल्या. तशा आजारात सवयीची भीती घालणाऱ्यांना दारातूनच चहा पाजून परत पाठवा. माझा राग अजून गेलेला नाही.

सिडको
मी दोनदा सोडल्या, दोनदा परत धरल्या. दुसऱ्यांदा महिनाभर बंद ठेवून एकदम जुन्याच हिशेबाने पाच घेतल्या. भावाने हलवलं तरी उठत नव्हतो, श्वास अगदी मंद. बंद असताना शरीराची सोसायची ताकद उतरलेली असते, हे मला शुद्धीवर आल्यावर कळलं. मग १४४४६ ला फोन केला, ही सरकारी नशामुक्ती हेल्पलाइन आहे. पुढे ब्यूप्रेनॉर्फिन मिळालं, अशा गोळ्या सोडवायला देतात ते औषध. त्याची पहिली गोळी त्रास चांगला सुरू झाल्यावरच देतात. आधी घेतली तर तीच त्रास उसळवते. मी सकाळपासून बाकावर थरथरत बसलो होतो, सिस्टर घड्याळ बघत होत्या.

देवळाली कॅम्प, निवृत्त नर्स
पाणी, ओआरएस, पेज, ताक चालू ठेवा. जुलाबाच्या लोपेरामाइडच्या जास्त गोळ्या घेऊ नका, हृदयाचे ठोके बिघडतात. क्लोनिडीन या बीपीच्या गोळीने घाम आणि अस्वस्थपणा कमी होतो पण बीपी पडतं, म्हणून मोजूनच. झोपेसाठी शेजारच्यांची अल्प्राझोलाम किंवा दारू अजिबात नको, उरलेल्या गोळ्यांसोबत श्वास थांबू शकतो. बाई गरोदर असेल तर स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही.

पंचवटी
माझी अर्धी राहिलीय, गेले तीन महिने. कंबर आता दुखत नाही, तरी संध्याकाळी हात डबीकडे जातो. नवरा म्हणतो टाक ना एकदाची. डॉक्टर म्हणतात घाई नाही. पाचला रामकुंडापर्यंत चालत जाते, तिथे ओळखीच्या बायका भेटतात. काल परत यायला साडेसात झाले आणि गोळी आठवली ती भाजी फोडणीला टाकल्यावर. मग घेतली.